ल्युको म्हणजे पांढरं

१० फेब्रुवारी १९८६, सोमवार

आज तो शब्द परत सापडला. रोपवाटिकेच्या पाटीवर!

पिशव्यांत माती भरत होते. वनखात्याच्या शिवशरण साहेबांनी नवी पत्र्याची पाटी आणली आणि कुंपणाला बांधायला लावली. वर मराठीत सुबाभूळ, खाली इंग्रजी. सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर मी अक्षरं लावत बसले. एल, ई, यू, सी — तिथंच अडकले. सोलापूरच्या चामडीच्या डॉक्टरनं माझ्या कागदावर लिहिलं होतं, त्याची सुरुवात हीच.

साहेब पोरसवदा आहेत, लातूरकडचे. विचारलं तर हसले नाहीत. म्हणाले, "ल्युकीना ल्युकोसेफाला. ल्युको म्हणजे पांढरं. ग्रीक भाषेतलं आहे. सेफाला म्हणजे डोकं. फूल बघा की, पांढरा गोंडा. पांढऱ्या डोक्याचं झाड."

"आणि ल्युकोडर्मा?"

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग पाटीकडं. "डर्मा म्हणजे कातडी," म्हणाले. हळू म्हणाले.

मला ठाऊकच होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

११ फेब्रुवारी

कालपासून डोक्यात तेच. डॉक्टरनं रक्तही तपासलं होतं. म्हणाला, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, ल्युकोसाइट, बाहेरून कोण आला की त्याच्यावर तुटून पडतात. मागं आरोग्य केंद्राची नर्स वहिनीला म्हणाली होती, अंगावरून पांढरं जातंय त्याला ल्युकोरिया म्हणतात. वहिनी घरी येऊन मला म्हणाली, "माझं पांढरं झाकून तरी ऱ्हातंय, वन्सं."

वाईट वाटावं म्हणून म्हणाली नव्हती. पण लागलं.

एकाच घरातले शब्द सगळे. झाडाला लागला तर सरकार पाटी लावतं, पाणी घालतं. माझ्या कातडीला लागला तर नवऱ्यानं यष्टीत बसवून दादाच्या दारात आणून सोडलं. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही त्यानं, तीच गाडी धरून परत गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डेअरीच्या चेरमनची घोडी आज विहिरीवर आली. रोपवाटिकेला पाणी त्यांच्याच विहिरीचं, म्हणून आमच्या कुंपणाला लागूनच हौद आहे. गावात दुसरीकडं पाणी कुठं आहे? टँकर येतो तेव्हा बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात.

घोडी नुकरा आहे. अख्खी पांढरी, पापण्यासुद्धा. ओठ गुलाबी. बायका हौदावर आल्या की आधी तिच्या कपाळाला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावतात. शुभ असते म्हणे.

तिच्या ओठांचा रंग आणि माझ्या ओठांचा रंग एकच आहे. मी नीट बघितलं.

१६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. कधी लिहिलं नाही.

तीन वर्षं झाली. माझी एक म्हैस होती. आईनं दिलेली, माझी स्वतःची. दादाच्या घरात राहते पण दादाचं खात नाही, एवढं त्या म्हशीवर होतं. सकाळी संध्याकाळी दूध डेअरीवर नेऊन घालायची. महालिंगप्पा तेव्हाही चेरमन, आजही चेरमन. एक दिवस सगळ्या मेंबरांच्या पुढं, रांगेत उभी असताना, ते खुर्चीवरून म्हणाले, "उमाबाई, उद्यापास्नं दूध आणू नगा."

मी विचारलं, का?

"लोकांच्या मनात येतंय."

मी सांगितलं, हा रोग लागत नाही, डॉक्टरनं सांगितलंय, ल्युकोडर्मा म्हणतात. तर म्हणाले, "नाव काय बी असू द्या बाई. दिसतंय ते दिसतंय." कुणीतरी मागं हसलं. कासंडी भरलेली तशीच डोक्यावर घेऊन घरी आले. घरोघर विचारलं, रतीब लावता का. कोण लावणार? चेरमननं नाही म्हटल्यावर कुणाची छाती होती?

महिन्यात म्हैस विकावी लागली. बेंबळीच्या माणसानं नेली. वळून वळून बघत होती.

तेव्हापासून देवाला काही मागितलं नाही. एकच मागितलं. त्याच्या दारात असं काही पांढरं फुटू दे, की लोकांनी बघावं आणि त्यानं मान खाली घालावी.

३ मार्च, सोमवार

देवानं नाही ऐकलं, साहेबांनी सांगितलं.

आज मजुरांना आणि आसपासच्या शेतकऱ्यांना बसवून साहेबांनी सुबाभळीची माहिती दिली. कुंपणाची झाडं चांगली पुरुषभर वाढलीत, दुष्काळातही हिरवी. म्हणाले, पाला शेरडांना घाला, म्हशींना घाला, पण कडब्यात मिसळून, थोडा. "घोड्याला आणि गाढवाला मात्र अजिबात नाही. ह्या पाल्यात एक विष असतं. आयाळ गळते, शेपूट गळते. फार दिवस घातला तर खुरं जातात."

पिराजी म्हणाला, "आमच्याकडं कुठली घोडी, सायब?" सगळे हसले.

चेरमनकडलं कुणी आलंच नव्हतं. मी मागं बसले होते, पदर ओठांवर धरून. हसू आलं म्हणून.

४ मार्च

चेरमनच्या पोराचं, व्यंकटचं लग्न मे महिन्यात. वरात नुकरा घोडीवर निघणार. आमदार येणार, तुळजापूरचा बँड येणार. वहिनी सांगत होती. मी भाकरी थापत होते. म्हटलं, निघू द्या.

७ मार्च, शुक्रवार

घोडीचा सगळा कारभार बिराप्पा बघतो. म्हातारा आहे, नळदुर्गाच्या पलीकडचा धनगर. बायको-पोरं कुणी नाही, घोडीशी कानडीत बोलतो. मला उमाक्का म्हणतो. हौदावर बसून तंबाखू मळत होता.

"कडबा संपत आलाय, अक्का. चेरमन म्हंत्यात छावणीतनं आण. छावणीतला कडबा कुजका. ही त्याला तोंड लावत न्हाय."

मी म्हटलं, "कुंपण छाटायचंच आहे आमाला. कवळा पाला आहे. घेऊन जा."

"सायब काय म्हंतील?"

"साहेबांनीच छाटायला सांगितलंय."

छाटायचं सांगितलं होतं, हे खरं आहे.

पहिली पेंढी मी स्वतःच्या हातानं घातली. घोडीनं एकदा हुंगलं आणि मग मान वर केलीच नाही.

"देव भलं करू तुझं," बिराप्पा म्हणाला.

१९ मार्च

रोज घालते. चांगली मोठी पेंढी. साहेब सकाळी येतात, दुपारी भूमला नाहीतर उस्मानाबादला जातात. मी दुपारी कापते.

आता ती माझी चाहूल ओळखते. लांबून दिसले की खूर आपटते.

२ एप्रिल, बुधवार

साहेब ट्रेनिंगला पुण्याला गेले. दीड-दोन महिने येणार नाहीत. त्यांच्या जागी कुणी नाही. सगळं माझ्या बाजूनं चाललंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

९ एप्रिल

आज हौदाच्या काठावर पांढरे केस! लांब, चमकणारे. बिराप्पानं खरारा केला तर खराऱ्यात मूठभर आले. तो म्हणाला, ऊन लागलं असंल. मी म्हटलं, असंल.

घरी येऊन अंघोळ केली, डोक्यावरून. सणाला करतात तशी.

१८ एप्रिल, शुक्रवार

आयाळ अर्धी गेली. मानेची कातडी दिसते, गुलाबी, चट्ट्याचट्ट्यांची. शेपटी तर नुसता दांडा व्हायला लागलीय. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. खरूज म्हणाला, मलम देऊन गेला. बिराप्पा दिवसभर मलम चोळतो, कानडीत काहीबाही पुटपुटतो. पाला घ्यायला आला तेव्हा डोळे लाल होते.

"चेरमन मला बोलले, अक्का. म्हंले, तुझं लक्ष न्हाय. बारा महिने मी हिच्यापाशी निजतो, माझं लक्ष न्हाय?"

मी पेंढी बांधत होते. हात थांबला होता थोडा वेळ. मग बांधली.

बिराप्पाशी माझं वैर नाही. घोडीशी पण नाही. पण चेरमनपर्यंत जायला मला दुसरा रस्ता कुणी ठेवलाय? त्यांना दुखतं ते ह्याच एका जागी.

२२ एप्रिल

हौदावरच्या बायका आता घोडीला हात लावत नाहीत. आज पुतळाबाईची सून घागर भरताना लांबून वळसा घालून गेली. "कोड फुटलंय तिला," म्हणाली. माझ्या समोर म्हणाली आणि मग जीभ चावली.

मी म्हटलं, "असंल बाई. दिसतंय ते दिसतंय."

किती वर्षं हे वाक्य तोंडात धरून बसले होते.

२८ एप्रिल

दादा आज जेवताना म्हणाला, चेरमनच्या घोडीचं वाईट झालं. मी म्हटलं, चांगलं झालं. त्यानं घास खाली ठेवला.

"असं बोलू नये, उमा. त्या माणसाचा एवढा राग धरू नगंस."

"त्यांनी माझी म्हैस विकायला लावली, दादा."

डेअरीचं नाव निघालं की दादा असाच गप्प होतो. घाबरतो त्यांना. ज्ञानोबा असा, ज्ञानोबा तसा, गावात सगळे दादाबद्दल चांगलं बोलतात. पण बहिणीला भर रांगेत हाकललं त्या दिवशी हा चेरमनच्या दारात गेला नाही. जाब विचारला नाही. हेही मी विसरलेले नाही.

५ मे, सोमवार

घोडी पुढच्या डाव्या पायावर भार देत नाही. खुराला कडेनं चीर पडलीय.

मी पेंढी लहान केली. मग लग्न आठवलं, परत मोठी केली.

१४ मे, बुधवार

झालं!

सगळं नीट लिहायचं आहे.

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. दुसरी घोडी बघा, असं पाहुणे म्हणत होते म्हणे, पण चेरमननं ऐकलं नाही. सगळ्या तालुक्याला सांगून बसले होते ना. घोडीवर लाल मखमली झूल, मानेवर झेंडूच्या माळांवर माळा, कातडी दिसू नये म्हणून. आणि शेपटी — घायपाताच्या पांढऱ्या वाकाची वळून बांधलेली! लांबून खरी वाटावी अशी. मी पाराच्या कडेला उभी राहिले. पदर घेतला नाही. तोंड, हात, सगळं उघडं.

घोडी लंगडत होती. बँडवाले तिच्या चालीनं हळू चालायला लागले, तर पाहुण्यांतलं कुणी म्हणालं, वरात आहे का मयत? पाराजवळ उन्हानं आणि माशांनी तिनं शेपटी झटकली. वाकाचा झुपका सुटून धुळीत पडला. एका पोरानं तो उचलला, स्वतःच्या मागं लावला आणि बँडपुढं नाचायला लागला.

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले. नवरीकडचेसुद्धा. आमदार रुमालानं तोंड पुसत राहिले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोड फुटलेल्या घोडीवर पोरगं कसं बशिवलं गं बाई?" व्यंकट खाली उतरला आणि मांडवापर्यंत पायी गेला, मुंडावळ्या हातात धरून.

चेरमननं पोराकडून तो झुपका घेतला. रागावले नाहीत. धूळ झटकली, घडी केली, काखेत धरला. मान वर केली तर समोर मी.

मी नजर काढली नाही. त्यांनी काढली.

हेच मागितलं होतं. अगदी हेच.

१५ मे

खूप झोप लागली.

२१ मे, बुधवार

पाला द्यायचा बंद केला. बिराप्पा हात हलवत येतो, मी म्हणते छाटणी संपली. घोडी कुंपणाशी येऊन उभी राहते, तीन पायांवर. मी पलीकडच्या वाफ्यांत काम करते.

दोन-चार दिवस वाटलं होतं की आता पोट भरलं. भरत नाही. काल डेअरीवरून जाताना चेरमन खुर्चीत बसलेले दिसले, तशीच खुर्ची, तशीच रांग. वाटलं, ह्यांना कुठं कळलंय कुणी केलं ते? कळायला पाहिजे. नाव घेऊन कळायला पाहिजे.

२९ मे, गुरुवार

साहेब परत आले. हौदावर घोडी बघितली आणि जागीच थांबले. बिराप्पाला विचारलं, काय खाऊ घालता? मग माझ्याकडं आले.

"उमाबाई, मी त्या दिवशी सांगितलं तेव्हा तुम्ही मागं बसला होतात ना?"

"बसले होते."

"ऐकलं होतं?"

मी वाफ्यातलं तण काढत राहिले. साहेब पाटीजवळ गेले आणि तिथून तसेच चेरमनच्या घराकडं गेले.

बरं झालं. आता बोलावणं येईल. काय बोलायचं ते माझं ठरलंय. म्हणणार, होय, मीच घातला. ह्याच हातांनी, ज्या हातांचं दूध तुम्हाला चाललं नाही. गावासमोर म्हणणार. मग हाकलू द्या रोपवाटिकेतून.

३१ मे, शनिवार

बोलावणं आलं नाही. आज वहिनीकडून कळलं.

चेरमननं विचारलं, पाला कुणी दिला? बिराप्पा म्हणाला, मीच तोडून आणला, कुणी दिला नाही. साहेब म्हणाले, तिथल्या बाईला ठाऊक होतं. तर बिराप्पा म्हणाला, "तिला काय ठावं, सायब? आन तिचं नाव कशाला? हात माझा, चूक माझी." चेरमननं त्याला कामावरून काढलं. घोडी त्यालाच दिली, लग्नाच्या कामाची राहिली नाही म्हणून.

वहिनी म्हणाली, "म्हातारा कुठं जाईल आता?"

मी जाऊन खरं सांगायला पाहिजे होतं. चप्पल घातली. दारातून परत आले. बोलायचं ठरवलं होतं ते चेरमनला हरवण्यासाठी, बिराप्पाला वाचवण्यासाठी नाही. ते शब्द ह्या कामाला येईनात.

उद्या जाते.

१ जून, रविवार

मी जायची वाट त्यानं बघितली नाही. सकाळीच घोडी घेऊन कुंपणाशी आला, निरोप घ्यायला. मी म्हटलं, "बिराप्पा, पाला मी दिला. मला ठाऊक होतं."

त्यानं तंबाखूची पुरचुंडी परत कनवटीला खोचली. मग म्हणाला, "मला वाटलंच हुतं. सायबानं तुझं नाव घेतलं तवा." आणि मग, "पर तू हिला वळखली न्हाईस, अक्का. ही जन्मली आन हिची माय मेली. मेंबर तुझं दूध कॅनात वतू देईनात. तवा चेरमन म्हंले, बाईला माघारी लावू नगा, माप घ्या, पैसं द्या, आन दूध हिकडं आणा. सा म्हैने मी तुझंच दूध पाजलं हिला. मग तुझ्या भावाला कळलं. तो रडत आला. म्हंला, माझ्या भैनीचं दूध जनावराला घालताय, त्यापेक्षा घेऊ नगा, पर तिला ह्यातलं काय बी सांगू नगा. चेरमननं वाईटपणा आपल्या अंगावर घेतला."

एवढं बोलून तो दोर ओढायला लागला. घोडी हलेना. कुंपणातून मान आत घालून तिनं माझ्या हातांना ओठ लावले. पाला शोधत होती.